८० हर्ट्झच्या खाली

गाडीत सबवूफर, म्हणजे केवळ तळाचे खर्जाचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवून घेतलेल्या माणसांच्या गप्पा बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडतात. वूफर किती इंची घ्यावा, बॉक्स बंद असावा की पोर्टचा (हवेसाठी भोक असलेला), डिकीतली किती जागा त्यावर खर्च करावी, यांवर वाद झाला तरी तो मिटतो, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा परिणाम कानांना नाकारता येत नाही. संकेताची ताकद वाढवून तो वूफरला पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरचे, म्हणजे ॲम्पचे, तसे नाही. तो सीटखाली किंवा डिकीच्या कडेला काळ्या डब्याच्या रूपात पडून असतो, त्याचे काम कोणाला दिसत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याबद्दलची मते सर्वांत ठाम असतात. अमुक ॲम्पचा ठोका कोरडा आणि घट्ट, तमुकचा फुगीर आणि सैल, जुन्या क्लास एबी ॲम्पमध्ये जी ऊब होती ती आताच्या क्लास डीमध्ये उरली नाही (या ॲम्प बांधण्याच्या दोन पद्धती), अशी वाक्ये मी इतक्या खात्रीने उच्चारलेली ऐकली आहेत की त्यांवर शंका घेणे म्हणजे बोलणाऱ्याच्या कानांवर शंका घेणे वाटावे. माझे मत याच्या विरुद्ध आहे. ८० हर्ट्झच्या खाली, आपापल्या ताकदीच्या मर्यादेत चालणाऱ्या दोन बऱ्या ॲम्प्लिफायरांमधला फरक माणसाला ऐकू येत नाही, असे मी मानतो. मात्र मर्यादेची ही अट काढून घेतली की माझे वाक्य खोटे ठरते, आणि रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ती अट पाळली जातेच असे नाही.

सबवूफरच्या ॲम्प्लिफायरकडून आपण नेमके काय मागतो, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाला ऐकू येणारा पट्टा २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकांचा मानला जातो. त्यातली तळाची दोन सप्तके, २० ते ८० हर्ट्झ, फार तर १०० पर्यंत, सबवूफरच्या वाट्याला येतात. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते आणि पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झला. ४० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन पूर्ण व्हायला एक सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, आणि ट्रान्झिस्टरच्या दृष्टीने हा काळ इतका मोठा आहे की तो संकेत जवळजवळ उभाच आहे असे म्हणावे. उत्तम ॲम्प्लिफायर म्हणजे वर्धन करणारी सरळ तार, अशी एक व्याख्या इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांच्या नावावर सांगितली जाते. संपूर्ण श्राव्य पट्ट्यात ती गाठणे अवघड असेल, पण तळाच्या दोन सप्तकांपुरती ती कित्येक दशकांपूर्वीच गाठली गेली आहे.

'घट्ट' बेसबद्दल बोलणारे लोक हटकून एका आकड्याचा आधार घेतात, तो म्हणजे डॅम्पिंग फॅक्टर. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध जितका कमी, तितका हा आकडा मोठा, आणि तो जितका मोठा तितकी वूफरच्या पडद्यावर ॲम्पची पकड घट्ट, असा हा युक्तिवाद असतो. तो तत्त्वतः बरोबर आहे. परंतु आकडे मांडून पाहिले की त्यातली हवा जाते. ४ ओहमच्या वूफरसाठी २०० हा डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे ०.०२ ओहम, आणि १००० म्हणजे ०.००४ ओहम. पण वूफरला आवर घालणारा विद्युतप्रवाह केवळ ॲम्पमधून फिरत नाही. तो वूफरच्या स्वतःच्या कॉइलमधूनही फिरतो, आणि तिचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास असतो. म्हणजे एका बाबतीत एकूण रोध ३.५२० आणि दुसऱ्या बाबतीत ३.५०४, जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे कॉइल सव्वा अंशाने तापली तरी तेवढा फरक आपोआप पडतो, आणि जोरात वाजणाऱ्या वूफरची कॉइल सव्वा अंशाने नव्हे, शंभर अंशांनीही तापू शकते. माहितीपत्रकातल्या या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या माणसाने एकदा आपल्या वूफरच्या तापमानाचा विचार करावा.

शिवाय ज्याला आपण ठोक्याचा घट्टपणा म्हणतो, तो फार मोठ्या प्रमाणात सबवूफरमधून येतच नाही. पखवाजाच्या कणीक लावलेल्या अंगावर थाप पडते, तेव्हा हाताचा चामड्यावर झालेला आघात शेकडो हर्ट्झपासून काही हजारांपर्यंत पसरलेला असतो आणि तो समोरच्या दारांतल्या स्पीकरांतून ऐकू येतो. मागून सबवूफर केवळ त्या थापेखालचा घुमारा पुरवत असतो. हे दोन भाग एकाच क्षणी कानांपाशी पोहोचले तर थाप एकसंध वाटते, आणि घुमारा मागे रेंगाळला तर आपण बेस सैल आहे असे म्हणतो. तो रेंगाळण्याचे कारण बहुतेक वेळा बॉक्सचे आकारमान, क्रॉसओव्हरची जागा (सबवूफर आणि बाकीचे स्पीकर यांच्यात स्वरांची वाटणी जिथे होते ती) किंवा फेज स्विचची (वूफरच्या पडद्याची आत-बाहेर हालचाल उलटवणाऱ्या बटणाची) दिशा यांपैकी काहीतरी असते. पुण्यातल्या नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत काम करणाऱ्या एका जुन्या फिटरने माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला सांगितले होते, "साहेब, ॲम्प नंतर बदला, आधी ही लाल-काळी वायर उलटी लावून ऐका." गिऱ्हाईक नाराज झाले, कारण ते खरेदीच्या तयारीने आले होते.

आता कानाची बाजू. आपला कान तळाच्या स्वरांना किती बहिरा आहे, याची कल्पना आपल्याला नसते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली समान प्रबलतेचे जे वक्र प्रसिद्ध केले, त्यांची सुधारलेली आवृत्ती आज आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. २००३ सालच्या आवृत्तीप्रमाणे १००० हर्ट्झचा स्वर शांत जागी अडीच डेसिबलच्या आसपास ऐकू येऊ लागतो, ४० हर्ट्झच्या स्वराला त्यासाठी ५१ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झला ७८. म्हणजे तळाशी ॲम्प्लिफायरची खरखर, शिट्टी, घरघर यांपैकी जे काही त्या पट्ट्यात असेल त्याचा बराचसा भाग कानाच्या उंबरठ्याबाहेरच राहतो, आणि धावत्या गाडीत टायरांचा व इंजिनाचा खालच्या स्वरातला आवाज उरलेलाही झाकून टाकतो.

डिस्टॉर्शनचा, म्हणजे मूळ स्वरात ॲम्पने केलेल्या भेसळीचा, हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर घाईने बोलू नये. ४० हर्ट्झच्या स्वरात ॲम्पने भर घातली, तर ती ८०, १२०, १६० अशा वरच्या उपस्वरांत पडते, आणि तिथे कान अधिक तिखट असतो. समजा, गाडीत ४० हर्ट्झचा स्वर १०० डेसिबलला वाजतो आहे आणि ॲम्पचे डिस्टॉर्शन ०.१ टक्का आहे, तर ती भर साधारण ४० डेसिबलला असेल. शांत खोलीत १२० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर एकटा असता तर तो नक्की ऐकू आला असता. परंतु तो एकटा नसतो, कारण त्याच वेळी वूफर स्वतः याच जागी आपली भर घालत असतो. पडदा लांब पल्ल्यावर हलू लागला की चांगल्या वूफरचेही डिस्टॉर्शन दोन-चार टक्क्यांवर सहज जाते, आणि ३ टक्के धरले तर ती भर ७० डेसिबलच्या जवळ येते. ७० च्या खाली दडलेले ४० शोधायचे, तेही वरून १०० डेसिबलचा मूळ स्वर दणदणत असताना, हे काम कोणत्या कानाला जमेल याची मला कल्पना करता येत नाही.

कल्पना करण्याची तशी गरजही नाही, कारण अमेरिकेत या प्रश्नावर पैजच लागली होती. रिचर्ड क्लार्क हे तिथल्या कार ऑडिओच्या जगातले मोठे नाव. त्यांची ब्युइक ग्रँड नॅशनल ही गाडी ध्वनिस्पर्धांमध्ये गाजलेली, त्यामुळे त्यांना 'कान नसलेला अभियंता' म्हणून बाजूला सारणे कोणाला शक्य नव्हते. १९९० च्या दशकात त्यांनी जाहीर केले की कोणतेही दोन ॲम्प्लिफायर केवळ कानांनी ओळखून दाखवणाऱ्याला १०,००० डॉलर मिळतील. ॲम्प आव्हान स्वीकारणाऱ्याने निवडायचे, संगीतही त्यानेच निवडायचे. अटी मोजक्याच होत्या. दोन्ही ॲम्पची पातळी ०.०५ डेसिबलच्या आत जुळवलेली असावी, टोन आणि फिल्टर यांमुळे पडणारा फरक काढून टाकलेला असावा, आणि कोणताही ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे ताणलेला नसावा. मग एका स्विचवर पहिला ॲम्प, दुसऱ्यावर दुसरा, आणि तिसऱ्यावर त्या दोहोंपैकी एक गुपचूप लावलेला. हा तिसरा कोणता ते सांगायचे. ही पद्धत क्लार्क यांनी शोधलेली नव्हे. त्यांचे आडनावबंधू डेव्हिड क्लार्क यांनी अशा आंधळ्या चाचणीच्या यंत्राविषयीचा निबंध १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला होता. बारा-बाराच्या दोन फेऱ्यांत चोवीसही उत्तरे बरोबर यावी लागत. पैज वर्षानुवर्षे खुली राहिली, अनेकांनी प्रयत्न केले, पण बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

या पैजेचे दाखले देणारे लोक एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. चोवीसपैकी चोवीस ही अट फार कडक आहे. नुसत्या अंदाजाने ती पुरी होण्याची शक्यता १ कोटी ६७ लाखांत एक, म्हणजे बक्षीस देणाऱ्याच्या खिशाला धोका नाही हे खरे. पण एखाद्याला खरोखर फरक ऐकू येत असेल आणि तो दर दहांत नऊ वेळा बरोबर सांगत असेल, तरी चोवीसही उत्तरे बरोबर येण्याची त्याची शक्यता केवळ ८ टक्के आहे. सामान्य संशोधनात सोळांपैकी बारा उत्तरे बरोबर आली तरी ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असल्याने तेवढे पुरेसे मानले जाते. तेव्हा बक्षीस पडून राहिले एवढ्यावरून अतिसूक्ष्म फरकसुद्धा नसतोच, असे सिद्ध होत नाही. सिद्ध एवढेच होते की ज्या फरकाचे वर्णन दुकानांत आणि मासिकांत जमीन-अस्मानाचा फरक म्हणून केले जाते, तो पातळी जुळवल्यावर हाती लागत नाही. माझ्या दृष्टीने एवढे पुष्कळ झाले. त्यातही ही परीक्षा पूर्ण श्राव्य पट्ट्याची होती. क्लास डीच्या फिल्टरचा परिणाम, वरच्या स्वरांतली घसरण, व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा मोठा अंतर्गत रोध, असे फरकाला जागा देणारे बरेच काही तिथे होते. सबवूफरच्या दोन सप्तकांत ती जागाही शिल्लक राहत नाही.

क्लार्क यांच्या आधी, १९८५ साली, बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना असेच आव्हान दिले होते, आणि त्याची गंमत अशी की त्याने फरक नाकारला नाही. महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पपेक्षा वेगळा वाजतो हे मान्य, पण तो वेगळेपणा मी माझ्या ॲम्पमध्ये उतरवून दाखवतो, असे त्याचे म्हणणे होते. न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे गावी एका हॉटेलच्या खोलीत बसून त्याने दोन दिवसांत ते केले. दोन्ही ॲम्पचे संकेत एकमेकांतून वजा करायचे आणि उरणारा अवशेष जवळजवळ शून्य होईपर्यंत आपला ॲम्प बदलत जायचे, ही त्याची रीत होती. अखेरीस संपादकांना दोघांतला फरक सांगता आला नाही. मला क्लार्कच्या पैजेपेक्षा हा प्रसंग अधिक बोलका वाटतो, कारण ॲम्प्लिफायरचा 'स्वभाव' ही काही अगम्य वस्तू नसून तो मोजता येतो, वजा करता येतो आणि हवा असल्यास दुसरीकडे बसवताही येतो, हे त्यातून दिसते.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कशाचा? बहुतेक वेळा पातळीचा. दोन आवाजांपैकी एक किंचित मोठा असेल तर तो आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो; अधिक भरीव, अधिक जवळचा, अधिक 'जिवंत'. आणि खालच्या स्वरांत ही फसगत दुपटीने होते. समान प्रबलतेचे वक्र तळाकडे एकमेकांना चिकटत जातात. १००० हर्ट्झला ४० डेसिबलने आवाज वाढवल्यावर जितकी वाढ जाणवते, तितकीच वाढ ४० हर्ट्झला साधारण २३ डेसिबलमध्ये जाणवते. म्हणजे बेसमधला एक डेसिबल हा गाण्याच्या मधल्या पट्टीतल्या पावणेदोन डेसिबलइतका वजनदार असतो. त्यात कार ॲम्पवरचा गेनचा नॉब. तो आवाजाचा नॉब नव्हे, हेड युनिटकडून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमकडून) येणाऱ्या संकेताशी ॲम्प जुळवून घेण्याची ती सोय आहे, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या ॲम्पवर तो घड्याळाच्या एकाच काट्यावर ठेवला तरी त्यांचे वर्धन सारखे असण्याचे काहीच कारण नाही. जुना ॲम्प काढून नवा लावायचा, नॉब तेवढाच फिरवायचा आणि निकाल द्यायचा, हे तराजूचा पासंग न काढता सोने तोलण्यासारखे आहे.

पासंग काढणे मुळीच अवघड नाही. माझ्या एका मित्राकडे जुना, जडशीळ क्लास एबी ॲम्प आणि नवा, तळहाताहून थोडा मोठा क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा ॲम्प), असे दोन्ही होते, आणि जुन्याचा बेस सरस आहे याविषयी त्याच्या घरात एकमत होते. आम्ही ५० हर्ट्झचा सलग स्वर लावून दोन्हींच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. जुन्याचे व्होल्टेज बरेच वर होते, जवळजवळ एका डेसिबलने. दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत नव्याचा गेन वाढवला. व्होल्टेजमधला एक टक्का म्हणजे ०.०९ डेसिबल, त्यामुळे साध्या मीटरनेही हे काम पुरेसे अचूक होते. दोन्हींचे बेस बूस्ट बंद केले आणि लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा) हेड युनिटवरच ठेवला. त्यानंतर मित्राच्या मुलीने डिकीपाशी उभे राहून तारा बदलायच्या आणि आम्ही पुढे बसून ओळखायचे, असा खेळ बराच वेळ चालला. वादकाने डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घिस्सा, चित्रपटसंगीतातला बास गिटार, इलेक्ट्रॉनिक संगीतातला अखंड खर्ज, सगळे वाजवून पाहिले. ओळखण्याचे प्रमाण छापा-काट्याच्या वर काही गेले नाही. मित्राने जुना ॲम्प विकला नाही, आणि तो का विकावा, असे मलाही वाटत नाही. त्या वजनदार ॲल्युमिनियमच्या पंख्यांचे देखणेपण खरे आहे, फक्त ते कानांनी पाहण्याचे नाही.

इथे एक न्याय्य आक्षेप येतो. माणूस बाजारातून ॲम्प आणतो तो त्याच्या फिल्टरांसकट आणतो, मग ते बंद करून तुलना करण्यात काय अर्थ? आक्षेप मला मान्य आहे. मोनोब्लॉकवर लो-पासचा नॉब असतो, त्याच्या भोवती ५०, ८०, १२० असे आकडे छापलेले असतात, आणि ते आकडे अंदाजे असतात. एकाचा ८० हा प्रत्यक्षात ७० असेल, दुसऱ्याचा ९५. एकाचा उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा, दुसऱ्याचा २४ चा. उतार बदलला की फेज बदलते, आणि फेज बदलली की दारांतल्या स्पीकरांशी सबवूफरचा जिथे सांधा जुळतो तिथे खड्डा किंवा उंचवटा तयार होतो, जो कोणालाही ऐकू येतो. बेस बूस्टचा नॉब तर ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलपर्यंत, काही ठिकाणी त्याहून जास्त, चढवून देतो. १२ डेसिबल म्हणजे सोळापट शक्ती, हे तो फिरवणाऱ्या बोटांना ठाऊक नसते. तेव्हा डब्यातून काढून सरळ लावलेले दोन ॲम्प वेगळे वाजतात, यात शंका नाही. पण हा वेगळेपणा वर्धनाचा नसून नॉबांचा आहे, तो दहा मिनिटांत जुळवता येतो, आणि त्यासाठी दुप्पट किंमत देण्याचे कारण नाही.

खरा, न जुळवता येणारा फरक सुरू होतो तो शक्ती संपते तिथे. गाडीची वीज हीच मुळात अडचणीची गोष्ट आहे. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि तेवढ्यावर थेट चालणारा हेड युनिटमधला ॲम्प ४ ओहमला गणिताने जास्तीत जास्त २६ वॉट शुद्ध देऊ शकतो. त्याच्या तोंडावर '५० × ४' छापलेले असले तरी. म्हणून वेगळ्या ॲम्पमध्ये आधी एक स्विचिंग पुरवठा असतो, जो बारा-चौदा व्होल्टचे अनेकपट व्होल्टेज करतो. हा पुरवठा नियंत्रित नसेल, तर गाडीचे व्होल्टेज उतरताच ॲम्पची ताकदही उतरते, आणि तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १४.४ चे १२ झाले की तीस टक्के शक्ती गेली. १००० वॉट खरोखर देणाऱ्या क्लास डी ॲम्पला भर जोरात नव्वदेक अँपिअर लागतात. आपल्याकडच्या लहान हॅचबॅकच्या अल्टरनेटरची पूर्ण क्षमताच बहुधा तेवढी किंवा त्याहून कमी असते, आणि त्यातूनच दिवे, पंखा आणि एसीचा क्लच चालवायचा असतो. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कोणी टाकून दिली असेल, तर आणखी काही दशांश व्होल्ट वाटेतच गळतात. अशा गाडीत दोन ॲम्पची तुलना केली, तर जो उपाशीपणी बरा तग धरतो तो सरस वाटतो. तो फरक ऐकू येतो, आणि तो खराही असतो.

ताकद संपली की तरंगाचे माथे छाटले जातात, ज्याला क्लिपिंग म्हणतात. सुरुवातीला ते अनेकांना आवडते, कारण छाटलेल्या तरंगातून वरचे उपस्वर निघतात, आणि कान तळापेक्षा तिथे अधिक तिखट असल्यामुळे बेस एकदम 'उठावदार' वाटतो. जुन्या ॲम्पच्या ज्या ऊबेची आठवण काढली जाते, तिच्यातला काही भाग हाच असावा, असा माझा संशय आहे. आणखी ताणले की ठोका चपटा होतो, एकामागून एक येणाऱ्या थापा वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि मग वास येतो. क्लिपिंगमुळे डीसी निघतो आणि तो कॉइल जाळतो, ही समजूत सगळ्या गल्ल्यांत प्रचलित आहे, परंतु कारण त्याहून साधे आहे. साइन तरंग पूर्ण छाटून चौकोनी झाला की त्याच शिखर व्होल्टेजला त्याची शक्ती दुप्पट होते, आणि कॉइल उष्णतेने जळते.

शक्तीच्या आकड्यांविषयी आपला बाजार कसा आहे, हे ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन विकत घेतले त्यांना सांगायला नको. सहा बॅटरी सेलवर चालणाऱ्या यंत्रावर हजारांत पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या) वॉटचे सोनेरी स्टिकर असत. तीच परंपरा आज कार ॲम्पच्या खोक्यांवर 'मॅक्स पॉवर' या नावाने नांदते. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचे मानक आले, त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन, अशा ठरलेल्या अटींवर मोजलेले वॉटच त्या मानकाच्या नावाने छापता येतात. ज्या ॲम्पवर असा उल्लेख नाही, त्याच्या मागचे फ्यूज पाहावेत. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर ६० गुणिले १४.४ म्हणजे ८६४ वॉट आत जाणार, त्यातले उष्णतेत जाणारे वजा करता सातशेच्या आसपास बाहेर येणार. खोक्यावर २००० लिहिले असले तरी तो ॲम्प फार तर सातशेचाच. हा हिशेब मी दुकानांत मोठ्याने करत नाही, पण करतो.

क्लास डीविरुद्धच्या आकसाबद्दल दोनच वाक्ये पुरेत. या पद्धतीत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखभर वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत असतात आणि मागचा फिल्टर त्यातून संगीत गाळून घेतो. ही गाळणी वरच्या स्वरांशी कधीकाळी खेळ करत असेल, पण ४० हर्ट्झ तिच्यापासून इतके दूर आहेत की तिला त्यांची खबरही नसते. उलट क्लास एबी सिद्धांतानेही साडेअठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या वर कार्यक्षम होऊ शकत नाही आणि प्रत्यक्षात बरीच खाली राहते, त्यामुळे मर्यादित वीज असलेल्या गाडीत क्लिपिंगपासून दूर राहण्याची संधी क्लास डीलाच अधिक.

माझ्या गाडीत सध्या जो मोनोब्लॉक आहे, तो मी आवाज ऐकून निवडलेला नाही. तो शेजारच्या सीटखाली मावतो, एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावरही लगेच प्रोटेक्शनमध्ये जात नाही (तापून स्वतःहून बंद पडत नाही), चालू-बंद होताना वूफरमध्ये थड असा आवाज काढत नाही, त्याचे वॉट प्रामाणिकपणे छापलेले आहेत आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस शहरात आहे. या सगळ्या गोष्टींत ॲम्प्लिफायर एकमेकांहून पुष्कळ वेगळे असतात, आणि त्यांसाठी मी पैसे आनंदाने दिले. मोठ्या नावाचा ॲम्प न घेतल्यामुळे जे वाचले, त्यातून १८ मिलिमीटर एमडीएफचा, वूफरच्या मापाप्रमाणे हिशेब केलेला बंद बॉक्स करून घेतला, पॉवरची वायर अस्सल तांब्याची टाकली, दारांच्या आत डॅम्पिंग शीट चिकटवल्या, आणि मागच्या नंबरप्लेटखाली, जी ५५ हर्ट्झच्या आसपास खडखडत असे, फोमची एक पट्टी लावली. त्या पट्टीचा खर्च सर्वांत कमी होता, आणि या सगळ्या कामांत सर्वांत स्पष्ट ऐकू आलेला फरकही तिचाच होता.